आग्नेय कोपऱ्यातलं जेड

“झाड हलणार नाही,” आप्पासाहेब नांद्रेकर म्हणाले आणि बशीतला उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

टीपॉयवर ताम्हणात हळदकुंकू, अक्षता, खडीसाखर आणि एक टणक सुपारी मांडून ठेवली होती. शेजारी पितळी बत्ता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून ती सुपारी फोडली की लग्न पक्कं, अशी आमच्याकडची रीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बत्त्याकडे हात नेलाही होता. नेमकं तेव्हाच मी विचारलं होतं, “कोपऱ्यातलं ते झाड जेडचं आहे का?”

“होय की!” आप्पासाहेब तेव्हा खुशीत होते. “बरोबर ओळखलंत. लक्ष्मीचं झाड.”

“ते मांजराला विषारी असतं,” मी म्हणाले.

अण्णांचा हात बत्त्यावरच राहिला.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, सांगलीतल्या विश्रामबागेतल्या एका बंगल्यातली. मी तेव्हा एकतिशीत होते. इचलकरंजीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि आलेल्या स्थळांना नाकं मुरडायची. निदान माझी कुमुदआत्या तरी माझं वर्णन असंच करायची. खरं म्हणजे निम्मे नकार तिकडूनच आलेले असत. ‘मुलीबरोबर मांजर येणार’ हे ऐकलं की लोक पोह्यांची बशी खाली ठेवायचे.

मांजर म्हणजे डिंक. बोका. लॅबमागच्या गटारात सापडला तेव्हा मुठीत मावत होता. तेव्हापासून जो मला चिकटला तो चिकटलाच, म्हणून डिंक. आई गेली त्याच वर्षी तो घरी आला. घरात अण्णा आणि मी दोघंच उरलो होतो. अण्णा बोलत नसत, मीही बोलत नसे, आमच्या दोघांच्या वाटचं डिंक बोलायचा. त्याला मागं ठेवून जायचं नाही, ही माझी सगळ्यात मोठी अट होती. बाकी मानपान, साड्या, कार्यालय, कशावरही मी डोळे झाकून हो म्हटलं असतं.

अशात हृषीकेश नांद्रेकरचं स्थळ आलं. कुमुदआत्यानंच आणलं. फरशी आणि टाइल्सचं मोठं दुकान, स्वतःचा बंगला, एकुलता एक मुलगा. जयसिंगपूरच्या एका हॉटेलात आम्ही दोनदा भेटलो. मी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं.

“माझा एक बोका आहे. तो माझ्याबरोबर येणार.”

“आणा की,” तो म्हणाला. “काही प्रॉब्लेम नाही.”

“मी नोकरी सोडणार नाही.”

“काही प्रॉब्लेम नाही.”

“स्वयंपाक मला जेमतेमच येतो.”

“आई आहे की. काही प्रॉब्लेम नाही.”

मला तो आवडला होता. हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. त्याचा आवाज शांत होता आणि तो माझं बोलणं मध्येच तोडत नसे. पुरुषात एवढ्या दोन गोष्टी सापडल्या की एकतिशीतल्या बाईला देव पावल्यासारखं होतं. घरी येऊन मी डिंकला सांगितलं, “ठरलं बरं का रे.” तो जांभई देऊन कुशीवर वळला.

तर त्या दिवशी आम्ही घर बघायला आणि जमलं तर सुपारी फोडायला सांगलीला गेलो होतो. अण्णा, कुमुदआत्या आणि मी. तिकडून आप्पासाहेब, हृषीकेश आणि त्याची आई. तिचं नाव नलिनीकाकू. त्या काही बसल्या नव्हत्या. आधी पाणी आणलं, मग पोहे, मग चहा, मग बेसनाचे लाडू, मग पुन्हा चहा. मधल्या वेळात त्या स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला खांदा टेकवून उभ्या असायच्या. सोफ्यावर माझ्या शेजारी चांगली ऐसपैस जागा रिकामी होती. मी दोनदा म्हटलं, “काकू, बसा ना.” दोन्ही वेळा त्या हसल्या आणि आत जाऊन आणखी काहीतरी घेऊन आल्या.

आल्या आल्या हात धुवायला त्यांनी मला मागच्या दारी नेलं होतं. धुण्याच्या दगडापाशी एक जर्मनची वाटी होती, तिच्या कडेला दूधभाताची दोन शितं. बाकी वाटी लख्ख चाटलेली. मला एकदम बरं वाटलं.

“तुमच्याकडे मांजर आहे?”

काकूंनी पायानं वाटी बादलीमागं सरकवली. “छे गं! यांना चालत नाही मांजर. ते आपलं, कावळ्याला ठेवते मी.”

“सांगलीचे कावळे भारी स्वच्छ जेवतात,” मी म्हणाले.

त्या हसल्या. त्या घरात खरंखुरं हसलेलं ते तेवढंच मी ऐकलं.

आणि आता हे जेड. झाड तसं देखणं होतं. चिनी मातीच्या निळ्या कुंडीत, कमरेएवढं, तांबूस रसरशीत फांद्या आणि त्यांना नखाएवढी गोल, जाडसर पानं. मी घाबरले त्याला कारण होतं. वर्षभरापूर्वी डिंकनं आमच्या गॅलरीतल्या पानफुटीचं पान खाल्लं होतं. लाळ गाळली, ओकून ओकून अंगातलं पाणी गेलं. सलाइन लावून तो वाचला. त्यानंतर मी नेट कॅफेत बसून, तासाचे पैसे भरून, जगातली कुठली झाडं मांजराला चालत नाहीत ते सगळं वाचून काढलं होतं. कोरफड नको, पानफुटी नको आणि जेड तर नकोच नको. मांजर ओकतं, मलूल पडतं, पाय लटपटतात.

हे सगळं मी त्या हॉलमध्ये सांगितलं. सुपारी ऐकत होती.

“अहो, पण हे झाड मी हौस म्हणून नाही आणलेलं,” आप्पासाहेब म्हणाले. “कोल्हापूरच्या वास्तुवाल्यानं सांगितलं. आग्नेय कोपऱ्यात जेड ठेवा, बघा लक्ष्मी कशी येते. ठेवलं, आणि महिन्याच्या आत एका मंगल कार्यालयाच्या संडासांचं अख्खं टाइल्सचं काम मिळालं. तिथनं जी सुरुवात झाली, ती आजतागायत.”

“लक्ष्मीला काय, कुठूनही यायची वाट असते,” कुमुदआत्या भक्तिभावानं म्हणाली.

“मग उंचावर ठेवलं तर?” अण्णांनी विचारलं. “एखाद्या फळीवर?”

“जमिनीपासून हातभरच. वर गेलं की पैसा वर जातो.”

“बोक्याला एका खोलीत ठेवू,” आत्या म्हणाली.

“डिंक दार उघडतो,” मी म्हणाले.

“दार उघडतो?” आप्पासाहेबांनी माझ्याऐवजी अण्णांकडे पाहिलं, मुलीच्या डोक्याची खात्री करून घ्यावी तसं.

“उघडतो,” अण्णा म्हणाले. “लटकतो कडीला.”

“हेमांगी, अगं मग राहू दे की त्याला अण्णांकडं!” आत्यानं शेवटी मनातलं बाहेर काढलं. “एवढं सोन्यासारखं स्थळ. मांजरापायी मोडलं म्हणून लोकांना सांगायचं का आम्ही? शेण घालतील तोंडात.”

मी हृषीकेशकडे पाहिलं. तो शांत बसला होता. “डिंकला मी आणणार हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं,” मी म्हणाले.

“हो, सांगितलंय त्यांनी,” तो वडिलांना म्हणाला. “काही प्रॉब्लेम नाही.”

“आणि झाड?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“झाड पण राहू दे. त्यालाही काही प्रॉब्लेम नाही.”

यावर दोन्ही बाजूंना बरं वाटलं आणि प्रश्न होता तिथंच राहिला.

मग आप्पासाहेबांनी त्यांच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. हे डॉक्टर हरिपूरकडच्या गोठ्यांवर जायचे. आप्पासाहेब मोठमोठ्यानं बोलत होते, त्यामुळे इकडचं सगळं ऐकू येत होतं. “झाड हो, झाड! जेड! नाही, म्हशीनं नाही खाल्लं. मांजर. अजून खाल्लं नाही, खाईल म्हणून विचारतोय. नाही, म्हैस नाहीच आमच्याकडं. बरं. बरं. असं होय? आभारी आहे.”

फोन ठेवून ते विजयी मुद्रेनं वळले. “म्हशीला काही होत नाही म्हणाले.”

“मांजराचं काय म्हणाले?”

“अहो, म्हशीला होत नाही ते एवढ्याशा मांजराला काय होणार?”

अण्णांनी मान डोलावली. त्यांना घरी जायचं होतं.

मग हृषीकेश थोडा पुढं सरकून बसला. तोवर तो स्वतःहून बोललेला नव्हता. त्याचा तो शांत आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. आता हा काहीतरी मार्ग काढणार, असं मला खरंच वाटलं.

“उगाच वाद कशाला?” तो म्हणाला. “बघूनच टाकू की. मागच्या गल्लीत एक मांजर फिरत असतं. घाटग्यांचं असावं बहुतेक. त्याला दुधातनं दोन-चार पानं देऊन बघू. काय ते आत्ताच कळेल.”

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “ह्याला म्हणतात डोकं!”

“बाई, किती व्यवहारी!” आत्या मला कोपरानं ढोसत पुटपुटली.

“असं कसं करता येईल?” मी म्हणाले. “मेलं तर?”

हृषीकेश माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर ना राग, ना चेष्टा. “मेलं तर तुमचं बरोबर होतं हे सगळ्यांना पटेल ना. मग डिंकची वेगळी सोय करू. तुमच्यासाठीच चाललंय हे.”

त्यानं डिंकचं नाव लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या कुठल्या वेळी मी त्यावर विरघळून गेले असते.

त्यानं उठून देठासकट चार पानं खुडली. आप्पासाहेबांनी झाडाला आधी नमस्कार केला. हृषीकेशनं पानं आईच्या हातावर ठेवली. “दुधात कुस्करून आण, आई. आणि त्या मांजराला हाक मार.”

नलिनीकाकूंनी तळहाताकडे पाहिलं. “कुणाच्या तरी मुक्या जनावराला कशाला रे उगाच...”

“तुला विचारलंय का कुणी?” आप्पासाहेब म्हणाले.

“आई, रस्त्यावरचं मांजर ते,” हृषीकेश समजुतीनं म्हणाला. “काही प्रॉब्लेम नाही.”

काकू आत गेल्या. मी उठून मागं जायला लागले तर आत्यानं माझी साडी धरून मला खाली बसवलं. “पाहुणी आहेस तू. बस गप.” आतून भांड्यांचा आवाज आला, मग मागच्या दाराची कडी काढल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. अण्णा सुपारीकडे बघत होते. आप्पासाहेब त्यांना संडासाच्या टाइल्स घसरू नयेत म्हणून काय करावं ते सांगत होते.

काकू वाटी घेऊन बाहेर आल्या. “मांजर काही दिसेना,” त्या घाईनं म्हणाल्या. “गेलं असेल कुठंतरी. जाऊ दे आता.”

त्यांच्या मागोमाग शेपूट उभारून मांजर आलं. काळं, पांढरं, तपकिरी असं तिरंगी, अंगानं चांगलं भरलेलं. ते काकूंच्या दोन्ही पायांमधून गेलं, पाचवारीच्या निऱ्यांना अंग घासून परत आलं आणि हक्कानं त्यांच्या पावलावर बसलं. मग हॉलभर नजर फिरवून त्यानं आम्हा पाहुण्यांची पाहणी केली.

“हे घाटग्यांचं मांजर तुझ्या पायाशी कसं?” आप्पासाहेबांनी विचारलं.

काकूंचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं, चोरी पकडलेल्या. मांजराला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ते वर बघून एकदा ओरडलं. वाटीत दूध आहे हे त्याला कळलं होतं.

“बरं झालं, आयतंच आलं,” हृषीकेश म्हणाला. “ठेव वाटी, आई.”

काकूंनी वाटीकडे पाहिलं. मग मांजराकडे. मग झाडाकडे, ज्याला त्या रोज पाणी घालत असणार. मग त्यांनी दोन बोटांनी वाटीतली कुस्करलेली पानं उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

त्या ती चावत होत्या ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

“आंबट आहे,” त्या म्हणाल्या, आणि वरून दूध पिऊन टाकलं.

“अगं! डोकं फिरलं का तुझं? पाहुण्यांसमोर?” आप्पासाहेब किंचाळले.

“थुंका, आधी थुंका!” आत्या उभी राहिली. “मीठपाणी द्या कुणीतरी!”

मीही उठले होते. काय करायचं ते मला सुचत नव्हतं. आणि तेवढ्यात हृषीकेशनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“आता झालंच आहे,” तो म्हणाला, “तर अर्धा तास थांबू या. आईला काही झालं नाही तर मांजराला काय होणार? प्रश्नच मिटला.”

मी वाट बघत होते, कुणीतरी काहीतरी बोलेल. आप्पासाहेबांनी विचार केला. मग म्हणाले, “हेही बरोबर आहे.” आत्या हळूहळू खाली बसली. अण्णांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

“तू बस आता,” आप्पासाहेबांनी बायकोला फर्मावलं. “अजिबात हलू नकोस. हललीस की पोटात कालवेल.”

आणि नलिनीकाकू माझ्या शेजारी, त्या रिकाम्या जागेवर येऊन बसल्या. मागं टेकल्या. सोफ्याच्या पाठीवर मान टाकून त्यांनी वर बघितलं, छत पहिल्यांदाच दिसत असल्यासारखं. सगळे त्यांच्याकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसं बघत होते.

“पंखा जरा वाढव रे,” त्या म्हणाल्या.

हृषीकेशनं उठून पंखा वाढवला.

“पाणी द्या.”

हे आप्पासाहेबांना होतं. ते उठून आत गेले. कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. मग त्यांनी आतून विचारलं, “पेले कुठं असतात?”

“सिंकच्या वरती,” काकूंनी बसल्या जागेवरून सांगितलं. “माठातलं आणा. फ्रिजचं नको.”

ते पाणी घेऊन आले. काकू ते सावकाश प्यायल्या. “त्यातला एक लाडू द्या इकडं. सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

“अहो, पोटात विष आणि वर लाडू!” आत्या म्हणाली.

“विष आहे का नाही, तेच तर बघायचंय,” काकू म्हणाल्या आणि लाडू खाल्ला. अख्खा. मग दुसरा मागितला.

मांजरानं उडी मारून त्यांच्या मांडीवर बैठक मारली. आप्पासाहेबांच्या तोंडावर आलेले शब्द मला दिसले. पण हलायचं नाही हा त्यांचाच हुकूम होता, त्यामुळे मांजर उठवता येत नव्हतं. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला ती पाठ चांगली माहीत होती.

“ठकी,” त्या हळूच मला म्हणाल्या. “तीन वर्षं झाली. गच्चीच्या जिन्याखाली व्यायली होती.”

“डिंक गटारात सापडला मला.”

“झोपतो कुठं रात्री?”

“माझ्या उशाशी.”

“हो का?” त्यांचा हात थांबला. “उशाशी. अगंबाई.” हॉलमध्ये फक्त पंख्याचा आणि ठकीच्या घुरघुरण्याचा आवाज होता. मला एकदम रडू येईल असं वाटायला लागलं. ही बाई मरेल म्हणून नव्हे. ती इतकी मजेत दिसत होती म्हणून.

हृषीकेशचं लक्ष घड्याळावर होतं. त्याच्यासारखा वक्तशीर माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

“झाला अर्धा तास,” तो म्हणाला. “काही होतंय का, आई?”

“नाही.”

“मळमळतंय? चक्कर?”

“नाही रे. बरं वाटतंय उलट.”

“मी म्हणत नव्हतो?” आप्पासाहेबांचा आवाज पुन्हा चढला. ते अण्णांकडे वळले. “लक्ष्मीचं झाड ते! चला देशिंगकर, उचला बत्ता. मुहूर्त टळायला नको.”

हृषीकेश माझ्याकडे बघून हसला. छान हसायचा तो. “बघा,” तो म्हणाला, “काही प्रॉब्लेम नाही.”

आणि मी पाहिलं, की बत्ता उचलला जायच्या आत काकू उठल्या होत्या. ठकीला खाली ठेवून, पदर खोचून, पेढे आणायला त्या आत निघाल्याही होत्या.

मी ताम्हणातल्या सुपारीवर हात ठेवला. “मला हे लग्न करायचं नाही.”

अण्णांनी बत्ता खाली ठेवला. आत्याच्या तोंडून ‘अगं आई गं’ एवढंच निघालं. आप्पासाहेब लाल झाले.

“आता काय झालं?” हृषीकेशला खरंच कळलं नव्हतं. “आईला तर काही झालं नाही.”

“होय. बघितलं मी.”

“मग?”

“झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

तो विचारात पडला. त्याच्याविषयी एक गोष्ट मी नेहमी सांगते, तो खोटं बोलणारा नव्हता. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

“झाड बाहेर ठेवलं असतं.”

“झाड हलणार नाही,” आप्पासाहेब म्हणाले.

पुढं बऱ्याच वर्षांनी लॅबमधल्या एका मैत्रिणीकडे मी खरं जेड पाहिलं. त्याची पानं अंगठ्याएवढी, मांसल, वेगळीच. नेटवर बघितलं तर कळलं, आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून सर्रास विकतात ते पुष्कळदा जेड नसतंच. त्याचा चुलतभाऊ शोभेल असं दुसरंच झाड असतं. नखाएवढी पानं, तांबूस फांद्या, चवीला आंबट. ते मांजराला खुशाल चालतं. म्हणजे आग्नेय कोपऱ्यातली ती लक्ष्मीही दुसरीच कुणीतरी होती आणि मी घातलेला सगळा वाद फुकट होता. डिंक त्या झाडापाशी जन्मभर सुखात राहिला असता. हे मी कुमुदआत्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही कसेबसे गाडीपाशी पोचलो. अण्णांच्या कानशिलाची शीर उडत होती. आत्याला गाडी लागते म्हणून ती पुढं बसली आणि दार आपटून घेतलं. मी मागचं दार उघडत होते, तेवढ्यात बंगल्याच्या बाजूच्या बोळातून नलिनीकाकू आल्या. पदराखाली काहीतरी झाकलेलं होतं.

“पदर पुढं कर,” त्या म्हणाल्या.

“काकू, आता ओटी कसली? मोडलं की सगळं.”

“म्हणून तर. तू सून होऊन आली असतीस तर इथंच राहिली असती ही. आता हिचं इथं काही खरं नाही. माझी आहे म्हणून कळलं ना सगळ्यांना.” त्यांनी ठकीला माझ्या पदरात घातलं, वर पदराचं टोक पांघरलं. ठकी गरम होती आणि चांगलीच जड. मग त्यांनी कमरेची कुंकवाची डबी काढून माझ्या कपाळाला बोट लावलं. “आणि तू वाईट वाटून घेऊ नको हं. माझा तेवढा अर्धा तास बरा गेला.”

आतून आप्पासाहेबांची हाक आली. त्या लगबगीनं बोळातून परत गेल्या.

अंकलीचा पूल ओलांडल्यावर आत्यानं डोळ्यांना रुमाल लावला. “शेवटी नारळच मिळाला म्हणायचा.”

“काय दिलं गं त्या माउलीनं जाताना?” अण्णांनी समोर बघतच विचारलं. “नारळ का?”

मी उत्तर द्यायच्या आत माझ्या पदरानं दिलं. ठकीला गाडीची सवय नव्हती. ती एकदा ओरडली आणि मग थांबेचना.

आत्या मागं वळली आणि पाहून पुन्हा पुढं वळली. अण्णांनी आरशात पाहिलं. पदरातून बाहेर आलेलं ते तिरंगी डोकं त्यांनी बराच वेळ पाहिलं, इतका वेळ की समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. मग गाडी सरळ करून ते म्हणाले,

“डिंकला चालेल का?”